सतरावी मात्रा

"अजून नाही," देविका हळूच म्हणाली.

पृथ्वीराजने कॅमेऱ्याच्या बटणाकडे नेलेलं बोट मागे घेतलं. यमुनाताईंची सतरंजी अंथरून झाली होती. दुसऱ्या कुणालाही शॉट संपला असंच वाटलं असतं. पण देविकाचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. तेरा, चौदा, पंधरा. यमुनाताई दारापर्यंत गेल्या, थबकल्या, मागे वळल्या आणि सतरंजीचा दुमडलेला कोपरा त्यांनी पायाच्या अंगठ्याने सरळ केला.

"बस," देविका म्हणाली.

"सबकी घड़ी में बारह बजते हैं, मॅडम. आपकी में सोलह," पृथ्वीराज म्हणाला.

हा विनोद तो गेली बावीस वर्षं करत होता आणि देविकाही दर वेळी थोडंसं हसत होती. आज ती हसली नाही. सकाळपासून तिचा डावा गुडघा ठणकत होता. फेब्रुवारीतलं ऊन खिडकीतून कसंबसं आत येत होतं आणि लगेच भिंतीवर चढून दिसेनासं होत होतं. साडेचारला मुली यायच्या. त्याआधी खोली, आरसा, घुंगरांची पेटी, सगळं टिपून घ्यायचं होतं.

"झालं का गं तुझं?" यमुनाताईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. "चहा टाकतेय. त्या पृथ्वीला विचार, अदरकवाली चलेगी ना?"

"चलेगी दीदी, दौड़ेगी," पृथ्वीराज म्हणाला.

लखनौमधल्या वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या या तळमजल्यावरच्या घरात यमुनाताई एकोणीस वर्षं राहत होत्या. त्या मूळच्या मिरजेच्या. नवरा हवाई दलात होता; त्याची बदली लखनौला झाली तेव्हा त्या इथे आल्या आणि लहानपणी मिरजेत अर्धवट सुटलेलं कथक त्यांनी इथे पुरं केलं. पुढे निशातगंजमध्ये त्यांनी मोठा क्लास चालवला. नवरा निवृत्त झाला, काही वर्षांनी गेला. मुलगा निरंजन नोकरीसाठी पुण्याला गेला. यमुनाताई राहिल्या. आता त्या ब्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि चाळीस-पन्नास मुलींच्या क्लासमधून आसपासच्या सेक्टरमधल्या सात मुली उरल्या होत्या.

देविका त्यांच्याकडे सातव्या वर्षी आली. तिचे वडील लक्ष्मीकांत औषध संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते आणि घर क्लासच्याच गल्लीत होतं. यमुनाताई मोजायला हिंदीत शिकवायच्या आणि रागवायच्या मात्र मराठीत. त्यामुळे क्लासमधल्या एकुलत्या एका मराठी मुलीला त्यांचा सगळा राग नीट कळायचा. सतरा वर्षं ती नाचली. चोविसाव्या वर्षी एका कार्यक्रमात रंगमंचाची फळी खचली, गुडघा आतून फाटला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की चालता येईल, नाचता येणार नाही.

वर्षभर ती घरात बसून होती. मग कुणाच्या तरी ओळखीने सरकारी माहितीपट काढणाऱ्या एका दिग्दर्शकाकडे मदतनीस म्हणून लागली. पहिल्याच दिवशी एक कुंभार चाकावर मडकं चढवत होता. मडक्याची मान वर येत होती, आणि दिग्दर्शक म्हणाले, "कट." देविकाला वाटलं, नाचता नाचता कुणी आपल्याला हात धरून ओढलं.

तिला काय वाटलं ते समजायला एवढंच माहीत असावं लागतं. कथकात सोळा मात्रांचं एक आवर्तन असतं. सोळा मोजून झाले की पुन्हा पहिल्या मात्रेवर यायचं, ती सम. मध्ये कितीही गिरक्या घ्या, कितीही आडवाटेने जा, समेवर पाय पडलाच पाहिजे. तो पडला की बघणाऱ्याची मान आपोआप हलते. बघणाऱ्याला मोजता येत नसलं तरी हलते. देविकाला वाटायचं, माणसांच्या कामांनाही अशी आवर्तनं असतात. मलिहाबादला आंबे पेट्यांत भरणाऱ्या बायकांवर तिने पहिला माहितीपट केला, तेव्हा ती दोन दिवस नुसती बसून बघत होती. आंबा उचलायचा, फिरवून पाहायचा, देठाकडून गवतात ठेवायचा. आठव्या आंब्याला प्रत्येक बाई मान वर करून श्वास घ्यायची. देविकाने कॅमेरा सुरू केला तो त्या श्वासाला आणि थांबवला तोही त्या श्वासाला. मध्ये कुठे कापलं नाही. खात्यातले साहेब म्हणाले, लांब आहे. पण दाखवला तेव्हा कुणी जागचं उठलं नाही.

तेव्हापासून तीस वर्षं ती अशीच काम करत आली. लसीकरण, विणकर, गोमतीचा गाळ, शाळेतली दुपारची खिचडी. आवर्तन पुरं झाल्याशिवाय कापायचं नाही, हा एकच नियम. मध्ये सात महिने मुंबईत मालिकांचं काम केलं. तिथे एका चेहऱ्यावर तीनदा कापायचे. ती परत आली. नाव फार झालं नाही. चित्रपट शिकवणारे दोन-चार लोक तिला ओळखत होते आणि "त्या मोजतात" असं सांगत होते. आता ती अठ्ठावन्न वर्षांची होती, तिला थकायला होत होतं, आणि यमुनाताईंवरचा हा माहितीपट झाला की कॅमेऱ्यामागे उभं राहायचं बंद करावं असं तिने मनाशी ठरवलं होतं.

माहितीपटाची घाई यमुनाताईंमुळे होती. निरंजन त्यांना पुण्याला न्यायला बघत होता. गेल्या वर्षी दोनदा त्या दूध गॅसवर ठेवून विसरल्या, एकदा सेक्टर चुकून कुणाच्या तरी फाटकात किल्ली घालत उभ्या राहिल्या. निरंजनने ते शेजाऱ्यांकडून ऐकलं होतं. दिवाळीत त्याचा फोन आला तेव्हा क्लास चालू होता. यमुनाताईंनी फोन स्पीकरवर टाकून मुलींसमोरच त्याला सांगितलं होतं, "दूध विसरेन, किल्ली विसरेन, तुझ्या बायकोचं नाव विसरेन. ज्या दिवशी माझी सम चुकेल त्या दिवशी तिकीट काढ. मी स्वतः क्लास बंद करून येईन." हे त्यांनी देविकालाही सांगितलं होतं, हसत, दोन-तीनदा.

मुली आल्या. सात जणी, आठ ते तेरा वर्षांच्या. चपला दाराशी ओळीने लागल्या. मग घुंगरू बांधायला सगळ्या भिंतीला टेकून बसल्या आणि त्यांची कुजबूज सुरू झाली.

"आंटी, हम लोग टीव्ही पर आएँगे?" सगळ्यात लहान नीलमने विचारलं.

"तू नहीं आएगी. तेरा दाँत टूटा है," दुसरी म्हणाली.

"चूप," यमुनाताई म्हणाल्या. एवढ्या एका शब्दाने खोली शांत झाली.

त्या खुर्चीत बसल्या. नाचाचे बोल त्या स्वतः म्हणायच्या, उजव्या हाताने मांडीवर ताल धरायच्या आणि डाव्या हाताचा अंगठा पेरांवरून सरकवत मात्रा मोजायच्या. तबला नव्हता. ठेका वाजवणारं यंत्र निरंजनने आणून दिलं होतं, ते कपाटावर खोक्यात होतं. देविका पृथ्वीराजच्या खांद्यामागे उभी राहिली. एक कॅमेरा, एकच लांब शॉट, आधी यमुनाताईंचा चेहरा आणि हात, मग हळूहळू मागे येत सगळ्या मुली.

पहिलं आवर्तन झालं. दुसरं झालं. यमुनाताईंचा आवाज अजून खणखणीत होता. चौदा पाय जमिनीवर पडत होते आणि एकाच पायासारखे वाजत होते. देविकाला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. तिने मनात म्हटलं, हा शॉट झाला की मग बाकी सगळं नुसतं जोडकाम.

तिसऱ्या आवर्तनात नवव्या मात्रेला यमुनाताईंचा हात उताणा झाला आणि तसाच राहिला. ओठ उघडे होते. पुढचा बोल आला नाही. मग आला, आणि त्या पुढे गेल्या, आणि समेवर टाळी पडली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रोजचं समाधान होतं.

देविकाच्या अंगठ्याने सतरा मोजले होते.

तिने पुन्हा आठवून पाहिलं. सतराच. यमुनाताईंना कळलं नव्हतं. पृथ्वीराजला कळलं नव्हतं. पण देविकाला खटकलं ते वेगळंच. मुलींचे पाय त्यांच्याबरोबर समेवर पडले होते. सातही जणींचे. ज्याला चूक कळत नाही तो पुढे जातो, आणि ज्याला उशिरा कळते तो मागे राहतो. यांतलं काहीच झालं नव्हतं. त्या एका मात्रेत सात मुली एक टाच उचलून हलल्यासुद्धा नव्हत्या, आणि मग यमुनाताईंबरोबर अचूक निघाल्या होत्या. एकमेकींकडे न बघता.

"क्या टेक था मॅडम," पृथ्वीराज म्हणाला. "एकदम मक्खन."

"हाँ," देविका म्हणाली.

क्लास सुटल्यावर ती फाटकाजवळ शिवांगीसाठी थांबली. शिवांगी तेराची, सगळ्यांत मोठी. तिचे वडील सैन्यात सुभेदार, गाव साताऱ्याकडचं. तिला मराठी कळायचं. उत्तर मात्र हिंदीतून यायचं.

"किती दिवस करताय हे?" देविकाने विचारलं.

"क्या, आंटी?"

"थांबता ते."

शिवांगीने घुंगरांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मागे वळून घराकडे पाहिलं.

"दिवाली के बाद से," ती म्हणाली. "पहले महीने में एक बार होता था. अब ज़्यादा होता है."

"आणि सगळ्यांना एकदम कसं कळतं?"

"दीदी का अँगूठा रुक जाता है ना, पहले. बाएँ हाथ का. फिर वो भूलती हैं. हम लोग अँगूठा देखते हैं." ती थोडी थांबली. "छत पर प्रॅक्टिस की है. नीलम से नहीं होता था शुरू में, वो चल देती थी. अब वो भी रुक जाती है."

देविकाने घराच्या खिडकीकडे पाहिलं.

"फ़ोन पे बोला था उन्होंने. मराठी में. मैंने ही बाकी सबको बताया," शिवांगी म्हणाली. "आप मत बताइएगा, आंटी. वो चली जाएँगी."

निशातगंजमधल्या घरी देविकाची एक खोली संपादनासाठी होती. खाली भाजीबाजार होता, त्यामुळे खिडकी दिवसाही बंद ठेवावी लागायची. दोन दिवस तिने त्या शॉटला हात लावला नाही. बाकी सगळं जोडलं. तिसऱ्या दिवशी पृथ्वीराज आला, मागच्या खुर्चीत बसला, आणि तिने तो शॉट उघडला. त्याला सगळं सांगितलं.

"हमको तो दिखा ही नहीं," तो म्हणाला. त्याने पुन्हा लावायला सांगितलं. मग मुलींचे पाय बघितले. "मॅडम, ये तो पूरी फ़िल्म है. यही है."

"मला माहीत आहे."

त्याला मराठी कळायचं, बावीस वर्षांत तेवढं आलं होतं.

तो शॉट तसाच ठेवला तर कथक जाणणारा प्रत्येक माणूस ती मात्रा मोजणार होता. यमुनाताई तर मोजणारच होत्या. आणि मोजली की क्लास बंद. तीन-चार महिने धडपडून सात मुलींनी जे सांभाळलं, ते देविकाचा माहितीपट चार मिनिटांत मोडणार होता. शॉट काढून टाकावा, तर यमुनाताई शिकवताना दुसरा कुठलाही एवढा चांगला शॉट नव्हता. पुन्हा चित्रित करायला गेलं तर पुन्हा चुकणार नाही याची खात्री नव्हती.

तिने ती मात्रा कापली. पाऊण सेकंद. हात उताणा होतो तिथून तिने आधी एके दिवशी घेतलेल्या मुलींच्या पायांच्या दृश्यावर उडी मारली आणि यमुनाताईंचा आवाज पुढच्या बोलापासून जोडला. पाय, घुंगरू, आणि मग पुन्हा चेहरा. सोळा मात्रा नीट बसल्या. तीस वर्षांत आवर्तनाच्या मध्ये ती पहिल्यांदा कापत होती. हात सवयीचा असल्यामुळे काम पाच मिनिटांत झालं.

"किसी को पता नहीं चलेगा," पृथ्वीराज म्हणाला.

"नाही कळणार," देविका म्हणाली, आणि तिने गुडघ्यावर हात ठेवून डोळे मिटून घेतले.

रविवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन वृंदावन योजनेत गेली. यमुनाताईंनी पोहे केले होते. मीठ दोनदा पडलं होतं; देविकाने मुकाट्याने खाल्ले. मग त्या चष्मा पुसून बसल्या.

"माझा आवाज असा फाटका आहे?" सुरुवातीलाच त्या म्हणाल्या. "आणि ही साडी कुणी नेसू दिली मला? तू होतीस ना तिथं?"

"मीच सांगितली होती."

"म्हणून अशी."

मग त्या गप्प बघत राहिल्या. सतरंजीचा कोपरा पायाने सरळ केलेला पाहून हसल्या. क्लास सुरू झाला तेव्हा त्यांचा हात आपोआप मांडीवर ताल धरायला लागला. पहिलं आवर्तन, दुसरं, तिसरं. पडद्यावर मुलींचे पाय आले. मांडीवरची टाळी चालू राहिली. समेवर बरोबर पडली. देविकाने श्वास सोडला.

"थांबव," यमुनाताई म्हणाल्या.

देविकाने थांबवलं.

"इथं पायांकडे का गेलीस?"

"घुंगरू दाखवायचे होते."

"ते आधी दाखवून झालेत." यमुनाताईंनी चष्मा काढला. "देविका, तुझी एकूण एक फिल्म मी पाहिली आहे. ती आंब्याची, ती सुया टोचायची, ती नदीच्या चिखलाची, झोप आली तरी पाहिली आहे. तू मध्येच कुठं जात नाहीस. सात वर्षांची होतीस तेव्हापासून जात नाहीस. इथं काय होतं?"

देविकाला काहीतरी सांगता आलं असतं. कॅमेरा हलला, उजेड गेला. तिने समोर पाहिलं. यमुनाताई तिच्याकडे अगदी तशाच बघत होत्या, जशा एकावन्न वर्षांपूर्वी नाचातला तोडा चुकल्यावर बघायच्या. त्या नजरेला तिने कधी खोटं सांगितलं नव्हतं.

"एक मात्रा होती," ती म्हणाली.

"माझी?"

"हो."

यमुनाताईंनी पदराने चष्म्याची काच पुसली. ती आधीच पुसलेली होती.

"कापायच्या आधीचं आहे का तुझ्याकडं?"

"आहे."

"लाव."

देविकाने मूळ शॉट लावला. या वेळी त्यांनी ताल धरला नाही. दोन्ही हात मांडीवर तसेच ठेवले. पडद्यावर हात उताणा झाला, राहिला, पुढे गेला. टाळी पडली.

"परत."

तिने परत लावला. आता त्या स्वतःकडे बघत नव्हत्या. त्यांचे डोळे मागच्या मुलींवर होते. नीलमची टाच अधांतरी, जमिनीपासून चार बोटं वर. शिवांगीचा चेहरा कोरा.

"या थांबल्यात," त्या म्हणाल्या.

"हो."

"सगळ्या?"

"सातही."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून म्हणाली शिवांगी. छतावर जाऊन बसवलंय त्यांनी. तुमचा अंगठा बघतात."

यमुनाताईंनी आपल्या डाव्या अंगठ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे. बाहेर कुणी तरी सायकलवरून मटार विकत होता, त्याची आरोळी जवळ येऊन लांब गेली.

"ताई, कुणाला कळणार नाही," देविका म्हणाली. "मी हेच कापलेलं लावते. तुम्ही राहा इथे. निरंजनला मी काही बोलणार नाही. पृथ्वी पण नाही बोलणार. शिकवणं थोडंच थांबलंय?"

"अगं, त्यांना सतराची सवय लागतेय," यमुनाताई म्हणाल्या.

हे देविकाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आठ वर्षांची आहे ती नीलम. आता जे पायात बसेल ते मरेपर्यंत निघायचं नाही. तुझं निघालं का? तू तर नाचतही नाहीस." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण रागावल्यासारखा लागत होता. कुणावर, ते त्यांनाही माहीत नसावं. "उद्या दुसऱ्या कुणासमोर उभ्या राहतील, तबला पुढं जाईल आणि या थांबतील. माझ्यासाठी थांबतील. लोक म्हणतील, ताल कच्चा आहे पोरींचा. कोणाकडं शिकलात?"

यमुनाताईंनी पोह्यांची रिकामी बशी लॅपटॉपपासून बाजूला सरकवली.

"बुधवारी सांगते त्यांना," यमुनाताई म्हणाल्या. "थंडी सोसत नाही म्हणते."

"फेब्रुवारी संपत आला, ताई."

"मग गर्मी सोसत नाही म्हणते. लखनौत काय, दोन्ही आहे." त्या जराशा हसल्या. मग म्हणाल्या, "पण हे मला कळलं, असं त्यांना कळता कामा नये. एवढं छतावर जाऊन बसवलंय. फुकट गेलं असं नको वाटायला."

"आणि फिल्म?"

"मुली बघणारच ना ती?"

"बघणार. पुढच्याच रांगेत बसतील."

"मग कापलेलंच राहू दे."

देविका लॅपटॉपकडे बघत राहिली. पृथ्वीराज म्हणाला होता ते खरं होतं. थांबलेल्या सात टाचा, एवढं चांगलं तिच्या कॅमेऱ्यासमोर कधी घडलं नव्हतं आणि आता घडणारही नव्हतं.

"ताई, तो कट वाईट आहे," ती म्हणाली.

"आहेच," यमुनाताई म्हणाल्या. "मला लगेच दिसला."

बुधवारी देविका कॅमेरा न घेता गेली. यमुनाताईंनी नेहमीसारखा क्लास घेतला. फक्त बोल त्यांनी स्वतः म्हटले नाहीत. कपाटावरचं खोकं काढून देविकाने ठेक्याचं यंत्र लावून दिलं आणि मुली त्याच्यावर नाचल्या. दोनदा नीलम अडखळली. शेवटी सगळ्यांना सतरंजीवर बसवून यमुनाताईंनी सांगितलं, की निरंजनकडे जायचं ठरलं आहे, इथली थंडी आता हाडांत जाते.

"हम लोग हीटर ले आएँगे, दीदी," नीलम म्हणाली. "हमारे घर में दो हैं."

"हीटर से नहीं जाती, बिटिया."

शिवांगीने देविकाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत सरळ प्रश्न होता. देविकाने नकारार्थी मान हलवली. मी नाही सांगितलं. आयुष्यात ती मुलांशी फार थोड्या वेळा खोटं बोलली होती, आणि हे बोलायला तर शब्दसुद्धा लागला नाही.

"बग़लवाले सेक्टर में देविका आंटी की पहचान की टीचर हैं," यमुनाताई सांगत होत्या. "वहाँ मशीन पर सिखाते हैं. पहले बुरा लगेगा. मशीन के साथ चलना सीखो, सब लोग. पीछे मत देखना कि मैं क्या कर रही हूँ. मैं वहाँ रहूँगी नहीं."

एप्रिलमध्ये एका छोट्या सभागृहात दुपारी माहितीपट दाखवला. पन्नास-साठ माणसं होती. निरंजन पुण्याहून आईला घेऊन आला होता. दोघं तिसऱ्या रांगेत बसले. यमुनाताई बारीक झाल्या होत्या. त्यांनी देविकाला ओळखलं, पृथ्वीराजला मात्र "आप खाना खाकर जाइएगा" असं, जणू सभागृह त्यांचं घर असल्यासारखं, दोनदा सांगितलं.

मुली पुढच्या रांगेत होत्या. स्वतःला पडद्यावर बघून त्या आधी खिदळल्या. क्लास सुरू झाला तशा गप्प झाल्या. देविका बाजूच्या भिंतीशी उभी होती, तिला त्यांचे चेहरे दिसत होते. तिसरं आवर्तन आलं तेव्हा शिवांगीने शेजारी बसलेल्या नीलमचा हात घट्ट धरला. पडद्यावर यमुनाताईंचा हात उताणा झाला. पाय आले. सम आली. शिवांगीने हळूहळू हात सोडला आणि ती खुर्चीत मागे टेकून बसली.

दिवे लागले. टाळ्या झाल्या. लोकांनी यमुनाताईंना उभं केलं, त्या नमस्कार करून बसल्या. मग नेत्रा नावाची एक तरुण प्राध्यापिका उठली. विद्यापीठात ती चित्रपट शिकवायची आणि देविकाचे माहितीपट विद्यार्थ्यांना दाखवायची. तिचे आठ-दहा विद्यार्थी वह्या घेऊन शेजारी बसले होते.

"मॅम, मैं इन लोगों को आपका ही उदाहरण देती हूँ, कि आप बीच में नहीं काटतीं," ती अवघडून म्हणाली. "लेकिन क्लासवाले सीन में आप अचानक पैरों पर चली जाती हैं. ठीक बीच में. हम सब सोच रहे थे, उसके पीछे क्या विचार था?"

पृथ्वीराजने मान खाली घातली आणि तो केबल गुंडाळायला लागला. पुढच्या रांगेत सात जणी मागे वळून बघत होत्या. तिसऱ्या रांगेत यमुनाताई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या, रुमाल असावा.

"कोई विचार नहीं था," देविका म्हणाली. "ग़लती है. उमर हो गई, हाथ से छूट गया."

नेत्राने "नहीं नहीं, मॅम" असं काहीतरी म्हटलं. तिच्या शेजारचा एक विद्यार्थी खाली वाकून वहीत लिहू लागला. देविका त्याचं लिहून व्हायची वाट बघत उभी राहिली.